रंग कोठे आणि लाकूड कोठे?

चवथ जवळ आली की आमच्या प्रांतातील घराघरांतून रंगाचे डबे उघडू लागतात. भिंतींना चुना होतो, दारांना तैलरंग होतो, आणि डब्याच्या तळाशी जे काही उरते ते गणपतीच्या चौरंगावर जाते. चौरंग कोणत्या रंगाचा असावा याचा विचार कोणी केलेला नसतो. रंग उरला आहे, कुंचला ओला आहे आणि चौरंग समोर आहे, एवढेच त्याचे कारण. आमच्या घरच्या चौरंगाचा एक पाय माळ्यावरून उतरविताना एकदा उंबऱ्यावर आपटला व त्याचा टवका उडाला. त्या टवक्याच्या कडेला आम्ही थर मोजले. वर हिरवा, त्याखाली तांबडा, त्याखाली आकाशी, मग गुलाबी, पुन्हा हिरवा, आणि सर्वांच्या तळाशी विटकरी झाकेचा एक पातळ लेप, ज्याला तैलरंगाची जाडी नव्हती. पायांवर कोरलेली कमळे या थरांखाली अशी बुजून गेली होती की आमच्या पिढीला ती नुसत्या गोल गाठी वाटत.

या बुजलेल्या कमळांची भरपाई म्हणून की काय, अलीकडे नेमकी उलट हौस सुरू झाली आहे. तरुण मंडळी माळ्यावरची जुनी कपाटे, खुर्च्या, पाट, देव्हारे खाली उतरवितात, यंत्राने खरवडतात, आणि अर्धा भाग रंगवून अर्धा उघड्या लाकडाचा ठेवतात. वर लाकूड, खाली पांढरा किंवा राखी रंग, अशी ही वाटणी बहुधा ठरलेली असते. इंग्लंडात १९९० मध्ये ॲनी स्लोन या बाईंनी खडूसारखा, चकाकी नसलेला एक रंग बाजारात आणला. फारशी घासाघीस न करता तो जुन्या सामानावर बसतो, त्यामुळे या हौसेला देशोदेशी हातभार लागला, आणि आता त्या जातीचे रंग आपल्याकडेही मिळतात. जुने सामान भंगारात न घालता घरात पुन्हा वापरावे ही बुद्धी चांगली आहे व आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु ज्याचे स्वागत केले त्याचे परीक्षण करू नये असा काही नियम नाही. रंग आणि लाकूड यांची वाटणी कोणत्या तत्त्वावर व्हावी, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडून देता येत नाही. कारण एकदा खरवडून टाकलेले पुन्हा मिळत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. ही वाटणी वस्तूला विचारून करावी. तिच्यावर हात कोठे फिरतो, पाणी कोठे पडते, जोड व ठिगळ कोठे आहे, आणि आधीच्या कारागिराने स्वतःचे काम कोठे करून ठेवले आहे, हे चार प्रश्न ज्याने विचारले त्याला रंग कोठे द्यावा हे निराळे शिकवावे लागत नाही. ज्याने ते विचारले नाहीत, त्याचे काम पहिल्या दिवशी कितीही देखणे दिसले तरी दोन पावसाळ्यांत उघडे पडते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रंग आणि उघडे लाकूड हे एकमेकांचे वैरी आहेत, एकाने दुसऱ्याला झाकायचे किंवा दुसऱ्याने पहिल्याला हाकलायचे, अशी समजूत आज सर्वत्र दिसते. ही समजूत डबाबंद तैलरंगाबरोबर आलेली आहे. आपल्या जुन्या कारागिरीत दोघांचे मूळ द्रव्य एकच होते, ते म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचा किडा जो स्राव सोडतो, तो गाळून, ताणून, पातळ पापुद्रे केले की त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरविला की ते पॉलिश झाले. त्याच लाखेत रंग कालवून तिची कांडी केली आणि ती फिरत्या लाकडावर टेकली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला रंग चढतो, आणि कातारी केवड्याच्या पानाने तो घोटून चकचकीत करतो. म्हणजे एकाच आईची ही दोन लेकरे. एक पारदर्शक राहिले, दुसऱ्याने रंग घेतला.

हे नाते पाहावयाचे असेल तर आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांना फार दूर जावे लागणार नाही. त्यांच्या शेजारच्या संखेड्याला खरादी कारागीर सागवानी झोपाळे, पाळणे आणि बाजोट घडवितात. तेथील जुन्या पद्धतीत कातलेल्या लाकडावर आधी रंग देऊन कलईच्या चंदेरी लेपाने वेलबुट्टी काढीत, आणि तीवर पारदर्शक लाखेचा हात चढला की चंदेरी वेल सोनेरी दिसू लागे. सोन्याचा कणही नसताना सोने दिसते, ते लाखेच्या स्वतःच्या पिवळसर झाकेमुळे. तो झोपाळा पाहताना रंग कोठे संपला आणि पॉलिश कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. रंग व लाकूड एकत्र नांदविण्याची कसोटी आम्हांस येथे सापडते: दोघांना जोडणारे काहीतरी हवे.

दुसरी गोष्ट, जुना कारागीर लाकडाची जात पाहून रंगाचा निर्णय करी. तेलंगणातील निर्मलची खेळणी पोनिकीच्या हलक्या, मऊ, पांढुरक्या लाकडाची. सांध्यांत चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा भरून, वरून संपूर्ण रंग. तेथे लाकूड उघडे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या लाकडाला मिरवावी अशी रेषाच नाही. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी पांगाऱ्याच्या लाकडाची फळे केली तीही याच न्यायाने नखशिखान्त रंगविली. उलट, गोव्यात सतराव्या शतकात पोर्तुगीज मागणीवरून जे मोठमोठे पेटारे व कपाटे घडली, त्यांत कारागिरांनी सागाच्या पिवळसर अंगात आबनुसाच्या काळ्या पट्ट्या व नक्षी जडविली. दोन रंगांचा मेळ तेथेही आहे, पण रंगाच्या डब्याशिवाय; कारण दोन्ही लाकडे स्वतःच बोलकी होती. साग, शिसव, आबनूस यांना बोलू द्यावे, आणि मुक्या लाकडाला रंगाने वाचा द्यावी, हा त्या मंडळींचा विवेक होता.

आता या विवेकाने आजची काही कामे तपासू. नावे सांगण्याचे कारण नाही.

एका परिचितांच्या घरी जुने भिंतीएवढे कपाट आहे. वर्षानुवर्षे त्याला हिरवा तैलरंग दिला होता. तो काढल्यावर चौकट सागाची निघाली. दारांच्या फळ्या मात्र काही आंब्याच्या, एक फणसाची, आणि एक कोणत्यातरी खोक्याची, खिळ्यांच्या भोकांत लांबी भरलेली. घरच्यांनी चौकटीला चपड्याचे पॉलिश केले व फळ्या एका मंद, निळसर हिरव्या रंगाने रंगविल्या. हे काम आम्हांस फार आवडले. चौकट म्हणजे कपाटाची हाडे. ती उघडी राहिली म्हणून कपाट भक्कम दिसते, दार उघडताना हात सागावरच पडतो, आणि वेगवेगळ्या लाकडांची ती ठिगळे एका रंगाखाली आपापसांतला भेद विसरून गेली. सर्व फळ्या उघड्या ठेवून त्यांना एकच छटा लावण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही, हाही शहाणपणाच. असा खोटा साग जवळून पाहताच ओळखू येतो.

तथापि एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. चौकटीतील फळी खोबणीत नुसती बसविलेली असते, ठोकलेली नसते. पावसाळ्यात ती रुंदीने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिला हलायला जागा राहावी म्हणूनच सुताराने ती मोकळी ठेवलेली असते. येथे रंगाऱ्याने जाड रंग खोबणीत भरला. फळी चौकटीला चिकटली, आणि पुढच्या वैशाखात फणसाची फळी मधोमध तडकली. कडेला रंग अगदी पातळ ठेवून फळी मोकळी सोडली असती तर हे टळले असते. अभिरुची चांगली असूनही वस्तूचे काम ध्यानात घेतले नाही की काय होते, त्याचा हा नमुना.

दुसरे उदाहरण सांगताना मन जड होते. एका घरात लग्नाचा पाट होता. तांबड्या जमिनीवर पिवळी वेल आणि कडेने काळी रेघ, असे चिताऱ्याचे काम. काठाचा रंग उडाला होता, मध्यभागी तेलाचे डाग होते. घरातल्या नातवाने आजीला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून तो नेला, यंत्राने खरवडून स्वच्छ केला, मधला भाग उघड्या लाकडाचा ठेवून कडेला पांढरी पट्टी ओढली, वर काचेसारखे चकाकणारे प्लास्टिकचे रोगण चढविले, आणि पाट परत आणून ठेवला. काम सफाईदार होते. आजीने पाटावरून हात फिरविला आणि एवढेच विचारले, "वाल खंय गेली रे?" त्या वेलीवर बसून ती या घरात आली होती. नातवाला उत्तर देता आले नाही, कारण वेल भुशाबरोबर उकिरड्यावर गेली होती. आणि खालून काय निघाले? एक साधे, पांढुरके, रेषाहीन लाकूड, जे चिताऱ्याने रंगविण्यासाठीच निवडले होते. उघडे केल्याने ते 'नैसर्गिक' झाले नाही, नुसते उघडे पडले.

आमच्या वाचकांना आम्ही एक प्रश्न विचारतो. म्हार्दोळच्या श्री महालसेच्या सभामंडपातील रंगविलेले कोरीव दशावतार आपण पाहिले असतील. लाकडाचे नैसर्गिक सौंदर्य दिसावे म्हणून कोणी उद्या ते खरवडावयास निघाला, तर महाजन मंडळी त्याला पायरीवरच अडवतील. मग तोच न्याय घरच्या पाटाला का नको? देवळातला रंग ही कला आणि घरातला रंग हा मळ, असे कोणी ठरविले? ही चूक एकट्या आपल्या लोकांची नव्हे. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाइनच्या जुन्या सामानावरचा रंग कॉस्टिकच्या हौदात बुडवून काढण्याची लाट आली होती. ते स्वस्त लाकूड मुळात रंगविण्यासाठीच वापरलेले. लाट ओसरल्यावर जुन्या रंगाचे मोल लोकांच्या ध्यानात आले. आपण तो अनुभव घरबसल्या फुकट घ्यावा हे बरे.

तिसरा प्रकार म्हणजे ठराविक साच्याचा. एका नक्षीदार शिसवी खुर्चीला आम्ही पांढऱ्या रंगात पाहिले. फक्त हात तेवढे लाकडाचे राखले होते. हात राखले हे बरोबर, पण पाठीवरची जाळीदार नक्षी पांढऱ्या रंगाखाली गेली, ती कशासाठी? शिसवीने आपला सूड आपणच घेतला. तिच्या अंगचा तांबूस रंग पाझरून पांढऱ्यावर डाग उमटले. फणसाच्या लाकडाचा पिवळेपणाही असाच वर येतो. फिका रंग द्यावयाचाच तर आधी मेण काढलेल्या चपड्याचा एक हात मध्ये द्यावा लागतो. तो दोघांमध्ये पडद्यासारखा उभा राहतो. पुन्हा लाखच! पण त्या खुर्चीच्या बाबतीत आमचा आक्षेप डागांवर नाही. जे लाकूड बोलत होते त्याच्या तोंडावर हात ठेवला, यावर आहे.

त्याच खुर्चीचे कोपरे मुद्दाम घासून रंग उडाल्यासारखा केला होता. हा प्रकार सध्या बराच चालतो. झीज ही वापराने लिहिलेली नोंद असते. खुर्चीचा हात जेथे बोटे पडतात तेथे झिजतो, उंबरा जेथे पाऊल पडते तेथे. ज्या कोपऱ्याला कोणाचा हात कधी लागला नाही तो झिजवून दाखविणे म्हणजे चोपडीत खोटी रक्कम मांडणे. ज्या घरात खरी जुनी वस्तू आहे त्या घराला तरी या खोट्या जुनेपणाची काय गरज?

येथे कोणी म्हणेल की ही सारी चिकित्सा सुस्थितीतल्या लोकांची आहे. ज्या घरात डब्याच्या तळचा रंग चौरंगावर गेला, तेथे पॉलिशवाला बोलाविण्याची ऐपत नव्हती. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून आम्ही त्या जाड तैलरंगाची बाजूही मांडतो. कमळे त्याने बुजविली हे कबूल. पण माळ्यावरची ओल आणि दर पूजेला सांडणारे पाणी यांपासून लाकूड त्यानेच राखले. चपड्याच्या पॉलिशवर पाणी साचले किंवा गरम भांडे ठेवले की पांढरा डाग पडतो. अभिषेकाचे पाणी ज्या चौरंगावर ओघळते त्याच्या वरच्या फळीला केवळ चपडा चालणार नाही. तेथे रंग हवा, किंवा जवसाचे तेल मुरवून वाळविलेले लाकूड हवे. म्हणून आम्ही असे सुचवितो: जेथे हात फिरतो तेथे लाकूड, जेथे पाणी पडते किंवा ठिगळ आहे तेथे रंग, आणि जेथे पूर्वीच्या कारागिराचा हात दिसतो तेथे आपला हात आवरता घ्यावा.

हात आवरण्याच्या काही साध्या रीती आहेत, त्याही सांगून ठेवतो. खरवडण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहावी. खणाच्या तळाला, पायाच्या आतल्या बाजूला मूळचा लेप बहुधा शाबूत असतो. स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने तेथे पुसले असता लेप चिकट होऊन सुटू लागला, तर तो चपडा समजावा. अशा लेपाला खरवडण्याची गरज नसते, त्यावर नव्या चपड्याचा हात फिरविला की जुना थर विरघळून नव्यात मिसळतो. ही सोय प्लास्टिकच्या रोगणात नाही. ते एकदा बसले की पुढच्या पिढीला खरवडण्यावाचून मार्ग उरत नाही. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या थरांची खात्री कोणी द्यावी? असा रंग कोरडा घासू नये, ज्योतीने जाळू नये. ओला करून, तोंडाला फडके नव्हे तर धूळ अडविणारी योग्य मुखपट्टी बांधून, लेकरांना दूर ठेवून काढावा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, पसरून वाळवावेत, कारण ते आपोआप पेट घेतात. आणि शेवटची रीत सर्वांत महत्त्वाची: काही झाले तरी हातभर जागा जुन्या थरांसकट तशीच राखावी. ती साक्ष आहे. पुढच्या माणसाला आपला निर्णय चुकीचा वाटला तर त्याला परत जाण्याची वाट तेवढीच.

आमच्या देवस्थानांच्या समित्यांनाही यात काही घेण्यासारखे आहे. अग्रशाळेतील जुनी बाके, कीर्तनकाराची चौकी, माळ्यावर पडलेली जुनी पालखीची दांडी, यांच्यावर जत्रेपूर्वी दिला जाणारा सरसकट चकचकीत रंग ही श्रद्धेचीच खूण आहे, हे आम्ही जाणतो. पण त्या घाईच्या चार दिवसांऐवजी जत्रा आटोपल्यावर, उन्हाळ्यात, जाणत्या सुताराला आणि चिताऱ्याला एकत्र बसवून कोठे काय करावे हे ठरविले, तर खर्च फारसा वाढणार नाही. कुंकळ्ळीपासून सावंतवाडीपर्यंत चिताऱ्यांचा वारसा आपल्याच अंगणात आहे. जुने काम टिकविण्याच्या निमित्ताने नव्या हातांना काम मिळाले, तर तो वारसाही टिकेल.

आमच्या चौरंगाचे काय केले, हे वाचक विचारतीलच. त्याच्या पायांवरचे तैलरंग आम्ही ओल्याने, हळूहळू, महिनाभर काढले. विटकरी लेपाशी येऊन थांबलो. कमळे दिसू लागली. एकाची पाकळी तुटलेली आहे, ती तशीच ठेवली. वरची फळी कधीतरी बदललेली, साध्या आंब्याची निघाली. तिला खालच्या लेपाशी जुळणारा रंग दिला. चारही कडा, जेथे धरून चौरंग उचलतात, त्या मात्र मूळच्या सागाच्या आहेत; त्या तेल मुरवून उघड्या ठेवल्या. एका पायाच्या आतल्या अंगाला सारे थर, हिरव्यापासून गुलाबीपर्यंत, जसेच्या तसे आहेत.

चवथीला त्यावर वस्त्र अंथरले, मूर्ती बसली, माटोळी बांधली गेली, आणि आमच्या महिनाभराच्या कामातले कोणालाही काही दिसले नाही. विसर्जनासाठी मूर्ती उचलल्यावर चौरंग बाजूला करताना एका लहान मुलीने पायावरून बोट फिरविले आणि विचारले, हे फूल कधी काढले? फूल तिच्या पणजोबांच्याही आधीचे होते. ते तिला सांगता आले, याचे आम्हांस समाधान वाटते.